पक बघायचा, पण कोणाचा?

शेक्सपियरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' हे नाटक वाचून झालं आहे आणि आता त्यातला खोडकर पक पडद्यावर एकच निवडायचा आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. माझ्या मते खरी निवड दोघांत आहे: 1935 च्या चित्रपटातला मिकी रूनी आणि दिग्दर्शिका ज्युली टेमॉरच्या 2014 च्या चित्रित प्रयोगातली कॅथरिन हंटर. 1999 चा स्टॅन्ली टुची शिंगं आणि सायकलीसह छान रमतो, पण तो खोड्या काढण्यापेक्षा त्या लांबून बघणारा वाटतो. 2019 च्या लंडनमधल्या प्रयोगातला डेव्हिड मूर्स्ट कापडाच्या पट्ट्यांना लटकून अप्रतिम काम करतो. मात्र तिथे पऱ्यांचा राजा ओबेरॉन आणि राणी टिटानिया यांच्या कामांची अदलाबदल केली आहे आणि एरवी राजाचा चाकर असलेला पक राणीचा चाकर झाला आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याचा त्यात गोंधळ होईल.

आधी पक आहे कोण, ते पक्कं हवं. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला एक परी त्याला ओळखते ती त्याच्या खोड्यांवरून: दुधावरची साय पळवणारा, जात्यात ढवळाढवळ करणारा, बाई दमून गेली तरी ताकावर लोणी येऊ न देणारा, रात्रीच्या वाटसरूंना भलतीकडे नेऊन हसणारा. आपल्याकडे ज्याला चकवा म्हणतात तेच हे काम. मग तो स्वतःहून सांगतो की एका म्हातारीला तो तिपाई वाटला, ती बसायला गेली, तो सटकला आणि ती धपकन खाली. म्हणजे हा नाजूक पंखांचा परीपुत्र नव्हे, स्वयंपाकघरात वावरणारा उपद्रवी आहे. निवडताना हे निकष लावावेत.

रूनी चित्रीकरणाच्या वेळी चौदा वर्षांचा होता. दिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या 1934 च्या हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावरच्या प्रयोगात त्याने हीच भूमिका केली होती, त्यामुळे शब्द त्याच्या अंगात मुरलेले आहेत. मधेच पाय मोडल्यामुळे काही ठिकाणी बदली मुलगा वापरावा लागला, तरी ऊर्जा कुठे कमी पडत नाही. धुक्यातलं रान आणि संगीतकार मेंडेलसनचं संगीत यांना तर आजही तोड नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांसोबत बघायचं असेल तर बहुधा हाच बरा. फक्त प्रत बघून घ्या: दोन तासांहून कमी लांबीची असेल तर ती कापलेली आहे.

माझं अडलं ते त्याच्या हसण्यापाशी. दर दोन-चार ओळींमागे एक किंचाळल्यासारखं हसू येतं. पक हसरा आहे हे खरं, पण शेक्सपियरने त्याला ठेका वेगळा दिला आहे. 'आय विल लीड देम अप अँड डाउन' ही ओळ बोटाने मोजून पाहा. सात ठोके, जोर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्यावर, एखाद्या बडबडगीतासारखा. मंतर टाकल्यासारखं वाटतं ते या ठेक्यामुळे. मधे हसू घुसलं की ठेका तुटतो, आणि इंग्रजी ज्याची मायबोली नाही त्याच्या हातून शब्दही निसटतात. एकदा हे जाणवलं की पुढे तेवढंच ऐकू येत राहतं. दुसऱ्या कुणाला कदाचित इतकं खटकणार नाही.

हंटर तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती. सुरुवातीलाच तिचा पक पलंगावर आडवा होतो, पलंग वर उचलला जातो आणि चादरीचं आभाळ होतं. आवाज खरबरीत, बांधा लहानखुरा आणि सांधे रबराचे असावेत असं शरीर. 1997 मध्ये किंग लिअर रंगवलेल्या या नटीला शब्दाचं वजन कळतं. ती हसते तेही ओळ पुरी झाल्यावर. तिसऱ्या अंकात लायसँडर आणि डिमीट्रिअस या भांडणाऱ्या दोन प्रेमवीरांचे आवाज काढून पक दोघांना रानभर फिरवतो, तो भाग दोन्हींत लागोपाठ बघा. फरक तिथेच कळेल. रूनी मुलाच्या हौसेने खोडी काढतो. हंटरच्या पककडे पाहून वाटतं की हा हजार वर्षं हेच करतो आहे आणि अजून कंटाळलेला नाही. मला हा पक जास्त खरा वाटतो.

उणीव आहेच. अडीच तासांच्या आसपासचा हा नाट्यप्रयोग आहे, कापडं आणि दांडे यांतून रान कल्पावं लागतं, आणि सबटायटल्सशिवाय बसू नये.

पण शेवटच्या सोळा ओळींत पक प्रेक्षकांची माफी मागतो आणि म्हणतो, 'गिव्ह मी युअर हँड्स', म्हणजे टाळ्या द्या. रूनीला ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणावं लागतं. हंटरसमोर ब्रुकलिनच्या नाट्यगृहात माणसं बसलेली आहेत.