गर्भनिरोधक गोळी, नऊ महिने आणि संध्याकाळचा चहा

गोळी सुरू करून नऊ महिने झाले. कशी घ्यायची, विसरली तर काय करायचं, हे तुम्हाला माहीत असेलच. मला लिहायचंय चहाबद्दल, कारण जवळजवळ तीन महिने माझी झोप उडाली होती आणि चहाचं नाव कुणीही काढलं नाही.

मी नौपाड्यात राहते, ऑफिस घणसोलीला. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला उतरून घरी पोचते ती साडेसहाला, आणि पर्स ठेवायच्या आधी आधण ठेवते. आलं, गवती चहा, भरपूर पावडर, मोठा कप भरून. कॉलेजपासूनची सवय. मार्चमध्ये गोळी सुरू केली आणि दुसऱ्या आठवड्यापासून रात्री दोन वाजेपर्यंत डोळे टक्क उघडे, छातीत धडधड. मी सगळा दोष गोळीला दिला. महिन्याला साडेतीनशे रुपये मोजायचे आणि वर जागरण, याचा फार संताप यायचा.

सल्ले भरपूर मिळाले. मावशी म्हणाली, "अगं, पपई सोड आधी, आणि गोळीवर दूध नको." मेडिकलवाल्याने पाकीट देताना "आंबट टाळा" एवढंच सांगितलं. मी पपई, चिंच, ताक सगळं बंद केलं. यातल्या कशानेही गोळीचं काही बिघडत नाही. अख्खा मे महिना ताकाशिवाय काढला, त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी ऑफिसमधल्या मैत्रिणीने झोपेसाठी वनौषधी कॅप्सूलची डबी मागवून दिली. वनौषधीच आहे, काय होणार, असं दोघींनाही वाटलं. तरी घेण्याआधी डॉक्टर मॅडमना दाखवली. त्यांनी डबी खिडकीच्या उजेडात धरली, बारीक अक्षरांवर बोट फिरवत नेलं आणि एका नावापाशी थांबल्या: सेंट जॉन्स वर्ट. "ही अजिबात नको. हिच्यामुळे यकृत गोळीतले हार्मोन भराभर फोडून टाकतं, गोळी निकामी होऊ शकते. बंद केलीस तरी चार आठवडे परिणाम राहतो." टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनचंही असंच, म्हणाल्या. घरात कुणाचे टीबीचे उपचार चालू असतील आणि ती गोळी घेत असेल, तर तिला हे आजच सांगा.

मग त्यांनी विचारलं, "शेवटचा चहा किती वाजता घेतेस?"

प्रकार असा आहे. गोळीतल्या इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे यकृतातलं कॅफिन फोडणारं एन्झाइम मंदावतं. एरवी साधारण पाच तासांत निम्मं होणारं कॅफिन निम्मं व्हायला दहाएक तास घेतं. म्हणजे साडेसहाच्या चहातलं निम्मं कॅफिन पहाटे साडेचारला अंगात. चहाने गोळीचं काही बिघडत नव्हतं, गोळीमुळे चहा अंगात रेंगाळत होता. संध्याकाळी आलं आणि गवती चहा तेच ठेवलं, पावडर बंद केली. सहाव्या रात्री अकराच्या आत झोप लागली.

माझी पहिली गोळी ड्रोस्पायरेनोन नावाच्या हार्मोनची होती. ती शरीरात पोटॅशियम थोडं धरून ठेवते, म्हणून मी पोटॅशियमवालं शहाळंही सोडलं होतं. मूत्रपिंड ठणठणीत असेल तर शहाळं चालतं. पण सासूबाईंच्या बीपीसाठी आणलेलं कमी सोडियमचं मीठ आमच्या सगळ्यांच्याच भाजीत पडत होतं, आणि त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. त्यावर मॅडमनी लगेच हरकत घेतली. आता मिठाच्या दोन बरण्या आहेत.

जूनमध्ये मॅडमना विचारून माला-डीवर आले, पैसे वाचावेत म्हणून. स्वस्त गोळीबद्दल माझं मत वाईट होतं, ते बदललं. मला काहीही वेगळा त्रास झाला नाही. मात्र इस्ट्रोजेन तेच, त्यामुळे चहाचा नियमही तोच. आणि इथे चहा पुन्हा आडवा येतो! पाकिटातल्या शेवटच्या सात तपकिरी गोळ्या लोहाच्या असतात. चहातल्या टॅनिनमुळे ते लोह नीट शोषलं जात नाही. सकाळच्या चहाबरोबर त्या गिळल्या तर लोह बरंचसं वाया. मी पहिले दोन महिने तेच केलं. आता रात्री लिंबूपाण्याबरोबर घेते.

गणपतीत पपनस आलं तेव्हा पुन्हा विचारलं. ते ग्रेपफ्रूटच्या जातीचं, आणि ग्रेपफ्रूटमुळे रक्तातलं इस्ट्रोजेन थोडं वाढतं, कमी होत नाही. म्हणजे गोळी फुकट जायची भीती नाही. दोन फोडी खाल्ल्या.

खरी भीती वाटली ती ऑगस्टमध्ये. बाहेर जेवलो, साडेनऊला गोळी घेतली, अकराला उलटी झाली. तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी धरायची नाही, दुसरी घ्यायची. मी लगेच घेतली. पण पाकिटात एक पांढरी, म्हणजे हार्मोनची गोळी कमी पडली, आणि ती मिळवायला दुसऱ्या दिवशी भर पावसात दोन दुकानं पालथी घातली. जोराचे जुलाब चोवीस तास थांबले नाहीत तरी गोळी चुकल्यासारखंच धरायचं. तेव्हापासून एक जादा पाकीट चहाच्या डब्यामागे ठेवलंय, वर मार्करने तारीख घालून.