कातडी कापण्याआधी यांना भेटा

उंदराच्या पाठीची कातडी तशीच फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) टाकली, तर ती विड्यासारखी गुंडाळते. पीएचडीच्या वेळी मी बाहेरच्या एका ठिकाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ काप करायला दिले, ते सगळे तिरके आले. केसांच्या मुळांच्या नुसत्या गोल चकत्या दिसत होत्या. चौदा उंदीर फुकट गेले, आणि ते मला अजून लागतं.

म्हणून इथे अमेरिकेत पोस्टडॉकला आल्यावर विद्यापीठाच्या सामायिक त्वचा-प्रयोगशाळेत नमुने द्यायच्या आधीच गेले. तिथल्या वयस्कर तंत्रज्ञ बाईंनी माझ्यासमोर कातडीचा तुकडा टिपकागदावर हलक्या हाताने पसरला, डोक्याकडची बाजू पेन्सिलीने खूण करून ठेवली (पेनची शाई पुढच्या प्रक्रियेतल्या अल्कोहोलमध्ये उतरते), कागदाला नीट चिकटू दिला आणि मग कागदासकट फॉर्मलिनमध्ये सोडला. केस शेपटीकडे कललेले असतात, त्यामुळे काप डोकं-शेपूट या रेषेतच घ्यायचा. स्लाइड आल्या तेव्हा मुळापासून टोकापर्यंत अख्खा केस दिसला. मी कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकावरून उठलेच नाही.

पण खरी किंमत त्यांच्या एका प्रश्नाची: "उंदीर किती दिवसांचे?" माझे बदललेल्या जनुकाचे उंदीर ३२ दिवसांचे होते, तुलनेचे साधारण ५० दिवसांचे. पहिल्यांचे केस वाढीच्या अवस्थेत, दुसऱ्यांचे विश्रांतीत. वाढीच्या काळात कातडी मुळातच जाड होते, आणि मी ती जाडी जनुकाच्या खात्यावर मांडून बसले होते! काळ्या उंदरांमध्ये तर हे केस भादरले की नुसत्या डोळ्यांनी कळतं: विश्रांतीत कातडी गुलाबी, वाढीत करडी-काळी. नर-मादीही मिसळू नका म्हणाल्या, नराची कातडी जाड असते.

रंगवण्याचं काम चोख आहे. केराटिन १४ (बाह्यत्वचेच्या तळच्या थराची खूण असलेलं प्रथिन) आणि केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींची खूण असलेलं प्रथिन) दोन्ही स्वच्छ आले. तक्रार एकच, नंबर लागायला तीन आठवडे जातात आणि तारीख पुढे ढकलली तर कोणी कळवत नाही. हे सुधारायलाच हवं, कारण उंदरांचं वय आपल्यासाठी थांबत नाही.

पैसे मोजावे लागतात, तरी मी पुन्हा तिथेच देणार. या खेपेला एकाच विणीची भावंडं घेतली आहेत, सगळ्या माद्या, सगळ्या ३२ दिवसांच्या.