नाशिकच्या मुरमावर फ्रीराइड: मार्झोकी झेड वन फोर्क आणि बॉम्बर सीआर कॉइल शॉक

माझ्या सायकलला पुढे मार्झोकी बॉम्बर झेड वन, १७० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे एवढा दबणारा) एअर फोर्क, आणि मागे बॉम्बर सीआर कॉइल शॉक, म्हणजे धातूच्या स्प्रिंगचा. ही जोडी मी अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा नाशिकच्या आसपास चालवलीये आणि ज्याला फ्रीराइडची, म्हणजे डोंगरउतारावर उड्या मारायची, सायकल उभी करायचीये त्याला मी हीच घे म्हणून सांगेन. पण का ते नीट सांगतो, कारण आपल्याकडे सगळी चर्चा सस्पेन्शन लावायच्या नॉबवरच चालते, किती क्लिक आहेत, हाय स्पीड वेगळा आहे का, लो स्पीड वेगळा आहे का, आणि ज्याने खरोखर फरक पडतो ती स्प्रिंग आणि ती सर्व्हिस, त्यावर कोणी बोलतच नाही.

आधी आपली जमीन बघा. नाशिक तसं रोडवाल्यांचं गाव, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, आणि आज पहाटे त्र्यंबक रोडला उभं राहिलं तर रोड बाइकच रोड बाइक दिसतात. एमटीबीवाले (माउंटन बाइकवाले) थोडे, त्यात ड्रॉप, म्हणजे उंचावरून खाली उडी, मारणारे अजून थोडे. पण डोंगर आहेत ना आपल्याकडे! काळा बेसाल्ट, त्यावर सुटा मुरूम, मध्येच गुडघाभर उंचीच्या दगडी पायऱ्या, आणि बंद पडलेल्या मुरमाच्या खाणी, जिथे ड्रॉप आयते मिळतात. लँडिंग मात्र आयतं मिळत नाही, खाली सगळे सुटे दगड. म्हणजे फोर्कने मोठा दणका खायचा आणि तो खाऊन संपायच्या आत बारीक खडखडाट पण खायचा, आणि हे दुसरं काम जास्त अवघड आहे. आणि हो, अंजनेरीवर सायकल घेऊन जाऊ नका, ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे सेरोपेजिया अंजनेरिका नावाची कंदीलपुष्पाची दुर्मिळ जात वाढते, टायरखाली जायची वस्तू नाहीये ती.

आता फोर्क. पहिलं बघायचं ते नळ्यांची जाडी, म्हणजे ज्या दोन नळ्यांवर फोर्क वरखाली सरकतो त्यांची. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक सायकलींना सनटूरचा एक्ससीटी नाहीतर एक्ससीएम असतो, १०० मिमीच्या आसपास ट्रॅव्हल आणि बारीक नळ्या, तो फोर्क उड्यांसाठी बनवलेलाच नाही, त्याच्यावर ड्रॉप मारू नका, यात वाद घालण्यासारखं काही नाही. झेड वनच्या नळ्या ३६ मिमीच्या आहेत. वाकडं लँडिंग झालं, म्हणजे पुढचं चाक दगडावर तिरकं पडलं, तरी हँडल ज्या दिशेला धरलंय त्याच दिशेला चाक जातं, फोर्क पिळवटत नाही. हा मला या फोर्कचा सगळ्यात मोठा गुण वाटतो आणि तो कुठल्याही नॉबने विकत मिळत नाही.

मार्झोकी म्हणजे जुनी इटालियन कंपनी, नव्वदच्या दशकातला त्यांचा केशरी झेड वन जुन्या रायडरना अजून आठवतो. २०१५ ला फॉक्सने त्यांचा सायकलचा विभाग घेतला, आणि आताचा झेड वन आतून बराचसा फॉक्स ३६ चाच भाऊ आहे. फरक असा की नळ्यांचं अ‍ॅल्युमिनियम ६००० सिरीजचं, महागड्या फॉक्समध्ये ७०००, म्हणून हा थोडा जड. आणि डॅम्पर, म्हणजे फोर्कच्या हालचालीचा वेग आवरणारा भाग, साधा, एक कॉम्प्रेशन (दबण्याचा वेग), एक रिबाउंड (परत वर येण्याचा वेग), संपलं. मला हे चालतं. किंबहुना हेच पाहिजे. चार नॉबवाला डॅम्पर नीट लावायला तोच उतार परत परत मारावा लागतो, तोही लिफ्ट नसताना, आणि आपल्याकडे लिफ्ट म्हणजे एकतर सायकल ढकलत वर न्या नाहीतर चौघांनी मिळून छोटा हत्ती भाड्याने करा.

आता स्प्रिंग, आणि इथे जरा थांबतो. एअर फोर्कमध्ये हवा हीच स्प्रिंग, आणि हवा तापली की प्रेशर वाढतं. नाशिकला जानेवारीत पहाटे १० डिग्री, मे महिन्यात दुपारी ४०. हा ३० डिग्रीचा फरक साध्या वायूच्या नियमाने प्रेशर साधारण दहा टक्क्यांनी वर नेतो, म्हणजे थंडीत ९० पीएसआय भरलेला फोर्क त्याच हवेवर मे मध्ये १०० च्या पुढे दाखवतो. बाकी काहीच बदललेलं नसतं, आणि पोरं म्हणतात फोर्क अचानक कडक झाला, सील गेलं वाटतं. काही गेलेलं नसतं. शॉक पंप घ्या, स्वतःचा घ्या, सीझन बदलला की परत सॅग मोजा. पेट्रोल पंपावरची हवा इथे चालत नाही, फोर्कमध्ये जागा एवढी कमी की नळी काढतानाच आकडा बदलतो.

सॅग म्हणजे तुम्ही हेल्मेट, पॅड, पाण्याची बॅग सगळं घालून पेडलवर उभे राहिलात की फोर्क आपल्या वजनाने किती बसतो ते. पुढे १५ ते २० टक्के ठेवा, १७० च्या फोर्कला २५ ते ३४ मिमी. ओ-रिंग खाली सरकवा, हळूच चढा, हळूच उतरा, मोजा. आणि ड्रॉपला फोर्क तळाला टेकत असेल तर लगेच हवा वाढवू नका, मग बारीक खडखडाट हातात येतो आणि अर्ध्या उतारावर बोटं आखडतात. हवा आहे तेवढीच ठेवा आणि आत एक व्हॉल्यूम स्पेसर टाका. त्याने हवेची जागा कमी होते, सुरुवातीचा मऊपणा जवळपास तसाच राहतो आणि शेवटचा भाग कडक होतो. स्पेसर ही प्लास्टिकची एवढीशी गोष्ट, पण आपल्या दगडी लँडिंगला मी कुठल्याही डॅम्पर अपग्रेडच्या आधी ती सांगेन.

मागे मात्र कॉइल. कॉइलला तापमानाने स्प्रिंगमध्ये फरक पडत नाही, आणि सुरुवातीला जी चिकटण असते एअर शॉकमध्ये, सीलचं घर्षण, ती जवळपास नसतेच, त्यामुळे मुरमावर मागचं चाक जमीन सोडत नाही. वळणावर सुट्या खडीत ब्रेक मारला की हा फरक लगेच कळतो. पण दोन अटी आहेत. पहिली अट, तुमची फ्रेम कॉइलसाठी बनलेली पाहिजे, म्हणजे लिंकेज (मागचं चाक आणि शॉक जोडणारी रचना) असं पाहिजे की ट्रॅव्हलच्या शेवटाकडे शॉकला दाबणं अवघड होत जातं. कॉइल स्वतः सरळ रेषेत वाढते, ती शेवटी एअरसारखी आवळत नाही, त्यामुळे फ्रेम पण सरळ असेल तर प्रत्येक ड्रॉपला तळ लागणार. फ्रेमच्या कंपनीला मेल करून विचारा, उत्तर देतात.

दुसरी अट म्हणजे स्प्रिंगचा आकडा. हा अंदाजाने घ्यायचा नाही. माझ्या फ्रेमचं उदाहरण घ्या, मागे १६० मिमी ट्रॅव्हल, शॉक २३० बाय ६५, म्हणजे लांबी २३० आणि स्ट्रोक (शॉक दबतो ते अंतर) ६५. १६० भागिले ६५, साधारण अडीच. चाकावर येतो त्याच्या अडीचपट जोर शॉकवर. सामानासकट ८० किलोचा माणूस, मागे त्याचं ६५ ते ७० टक्के वजन, आणि सॅग ३० टक्के म्हणजे शॉकवर साडेएकोणीस मिमी, असा हिशोब केला की उत्तर दर इंचाला ३५० ते ४०० पाउंडाच्या मध्ये येतं. मग नरम पाहिजे तर ३५०, ड्रॉप मोठे असतील तर ४००. प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी, रिंग दोन फेऱ्यांपेक्षा जास्त आवळायला लागत असेल तर स्प्रिंगच चुकलीये, कडक स्प्रिंग घ्या. आणि कडक स्प्रिंग टाकली की रिबाउंड पण हळू करायला लागतो, नाहीतर लँडिंगनंतर मागचं चाक माणसाला हँडलवरून फेकायला बघतं.

सीआरमध्ये क्लाइंब स्विच (चढावर शॉक कडक करणारी कळ) नाही, चढावर सायकल डुलते. ज्याला त्र्यंबकपर्यंत पेडल मारत जाऊन तिथे उतार मारून परत पेडल मारत यायचंय त्याला हे खटकेल आणि त्याने एअर शॉकच घ्यावा. मला खटकत नाही.

आता सर्व्हिस, ज्यावर माझा निर्णय ठरला. फॉक्स आपल्या सस्पेन्शनला १२५ तासांनी किंवा वर्षाने पूर्ण सर्व्हिस सांगते, रॉकशॉक्स ही दुसरी कंपनी फोर्कच्या खालच्या पायांची (बाहेरच्या नळ्यांची) सर्व्हिस ५० तासांनी. हे आकडे कमाल समजा, आपल्याकडे मार्च ते मे मुरमाची धूळ पिठासारखी बारीक असते आणि पावसाळ्यात काळी चिकणमाती, त्यामुळे मी खालचे पाय उघडून तेल आणि फोमच्या रिंगा सांगितल्याच्या अर्ध्या वेळातच बदलतो. हे काम घरी होतं, पाना, मऊ हातोडी आणि बरोबर ग्रेडचं तेल एवढंच लागतं. डॅम्परचं काम मात्र बाहेर पाठवायला लागतं आणि त्यात आठवडे जातात, म्हणूनच जितका साधा डॅम्पर तितका आपल्याला बरा. आणि सायकल वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरचं पाणी सीलवर मारू नका, मोटरसायकलची सील जाड असतात, ही नसतात. एका मित्राच्या फोर्कमधून तेलाऐवजी राखाडी पाणी निघालं ते असंच.

नाशिकचा एक फायदा आहे जो पुण्या-मुंबईच्या मित्रांना पण नाही वाटत मिळत एवढा सहज. सातपूर, अंबडला लेथवाले. शॉकच्या आयलेटचे (टोकाच्या भोकाचे) स्पेसर फ्रेमच्या मापाचे नव्हते तर एका टर्नर काकांनी व्हर्नियर लावून, "दादा, खेळ किती ठेवू?" असं विचारून, अ‍ॅल्युमिनियमचे नवीन वळवून दिले, चहा संपायच्या आत. माप मिलीमीटरच्या दशांशात लिहून न्या, फोटो दाखवून काम होत नाही.

दुसरे पर्याय पण बघितले. रॉकशॉक्स झेब, ३८ मिमीच्या नळ्या, २०२० पासून आहे, १९० पर्यंत ट्रॅव्हल मिळतो. ८५ किलोच्या पुढचा माणूस असेल, किंवा खरंच मोठे ड्रॉप मारणारा, तर त्याने झेबच घ्यावा. ६० किलोच्या पोराला मात्र ३८ च्या नळ्या ताठ लागतात, दगडाचा प्रत्येक ठोका हातात येतो. रॉकशॉक्सचाच जुना यारी सेकंड हँड मिळाला तर वाईट नाही, ३५ मिमी, त्यांच्याच महागड्या लिरिक फोर्कची बॉडी, आणि नंतर कधी लिरिकचा डॅम्पर त्यात बसतो. नळ्यांवर बोटाचं नख फिरवून बघा, नख अडकलं की तो फोर्क सोडून द्या, किंमत कितीही कमी असो. डबल क्राउन, म्हणजे हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) वर आणि खाली दोन्हीकडे पकड असलेला फोर्क, फक्त फ्रेमच्या कंपनीने लेखी परवानगी दिली असेल तरच, नाहीतर हेड ट्यूबवर जो जोर येतो त्याला फ्रेम बनलेली नसते.

घेताना चार मापं लिहून घ्या: स्टिअरर (फोर्कची हेड ट्यूबमधून वर जाणारी नळी) टेपर्ड, म्हणजे खाली जाड, आहे का, एक्सल (चाकाचा दांडा) १५ बाय ११० बूस्ट मापाचा आहे का, चाक २९ इंची का २७.५, आणि फ्रेमला जास्तीत जास्त किती ट्रॅव्हल चालतो. ट्रॅव्हल २० मिमीने वाढवला की हेड ट्यूबचा कोन साधारण एका डिग्रीने पडतो, उताराला छान वाटतं, चढाला पुढचं चाक भरकटतं. आणि स्टिअररची नळी लगेच कापू नका, खाली-वर स्पेसर ठेवून उंची पटेपर्यंत तशीच लांब चालवा, कापणं दहा मिनिटांचं काम आहे.