ई-बर्ड : सात वर्षांच्या वापरानंतर

पक्ष्यांच्या नोंदी मी आधी वहीत ठेवायचे. कुठे तारीख नाही, कुठे पान फाटलेलं. गेली सात वर्षं सगळं ई-बर्डवर टाकते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षीशास्त्र प्रयोगशाळा आणि ऑड्युबॉन सोसायटी ही पक्षीसंवर्धन संस्था यांनी २००२ मध्ये सुरू केलेली ही सेवा पूर्ण मोफत आहे. रेंज नसली तरी अ‍ॅप चालतं, वेळ आणि चाललेलं अंतर आपोआप नोंदलं जातं. वापरायला सोपं, दोन दिवसांत हात बसतो.

पण मी टिकले ते एका प्रश्नामुळे. यादी पाठवण्याआधी अ‍ॅप विचारतं : ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? ‘हो’ म्हणायचं तर कावळेसुद्धा मोजायला लागतात. पूर्ण यादीत जो पक्षी नाही, तो तिथे दिसला नाही, हीदेखील माहितीच असते. पक्षी वाढताहेत की घटताहेत, हे अशा लाखो याद्यांवरून कळतं. म्हणून मी कावळे मोजते, कधीही न भेटणाऱ्या कुणासाठी. पक्षी आवडणारी माणसं मला आधीही ठाऊक होती. एकमेकांसाठी कावळे मोजणारी इथे भेटली.

मध्यंतरी मी वटवट्या या छोट्या पक्ष्याची एक दुर्मीळ जात नोंदवली. दोन दिवसांनी रिव्ह्यूअरचा, म्हणजे नोंदी तपासणाऱ्याचा, मेल आला. पंखावरचा पट्टा नीट दिसला का, आवाज ऐकला का, फोटो आहे का? मला रागच आला. वीस वर्षं पक्षी बघतेय मी! रात्री टिपणं काढून बसले, तर आवाजाबद्दल एक अक्षर नव्हतं आणि पट्ट्यापुढे मीच प्रश्नचिन्ह केलेलं होतं. नोंद बदलून नुसतं ‘वटवट्या’ केलं, जात सोडून दिली. त्यांनी आभार मानले आणि पुढच्या वेळी फोनवर का होईना, आवाज रेकॉर्ड करा म्हणून सुचवलं. हे रिव्ह्यूअर स्वयंसेवक असतात, तुमच्याआमच्यासारखेच पक्षी बघणारे. माझी चूक पुसायला त्या माणसाने आपली संध्याकाळ दिली होती. पाठ थोपटणारे पुष्कळ भेटतात, असं विचारणारे थोडे.

सर्वाधिक जाती पाहणाऱ्यांची क्रमवारीही इथे आहे. ती मी उघडत नाही. आकड्यामागे लागलं की कावळे मोजायचे राहतात.

आणखी एक सोय मला फार मोलाची वाटते. शिकारीचा किंवा पकडले जाण्याचा धोका असलेल्या काही संवेदनशील जातींची नेमकी जागा ई-बर्ड सगळ्यांना दाखवत नाही. एका ग्रुपवर कुणीतरी घुबडाच्या घरट्याची जागा टाकली होती. आठवडाभर कॅमेऱ्यांची रीघ लागली आणि त्या जोडीने घरटं सोडलं. यंदा आम्हा तिघींना दुसरं एक घरटं सापडलं. पिल्लं उडून जाईपर्यंत यादी पाठवायची नाही, असं तिथेच ठरलं. ती अजून माझ्या फोनमध्येच आहे.