खंडानंतर पुन्हा छापून यायचंय : पुरवणी, दिवाळी अंक की फेसबुक?

आठ-दहा वर्षं काहीच प्रसिद्ध केलेलं नाही आणि आता पुन्हा लोकांसमोर लिहायचं मनात आहे, अशा माणसापुढे मराठीत मुख्यतः तीन वाटा असतात : दैनिकाची पुरवणी, दिवाळी अंक आणि फेसबुक किंवा स्वतःचा ब्लॉग. उत्तर किती दिवसांत मिळतं, मजकुरावर संपादकाचा हात फिरतो का आणि एकीकडे आलेलं दुसरीकडे चालतं का, या तीन बाबतींत त्यांच्यात मोठा फरक आहे. तिसरी बाब बहुतेकांच्या फार उशिरा लक्षात येते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

दिवाळी अंकांच्या आवाहनात ‘अप्रकाशित साहित्य पाठवावे’ असं असतं. फेसबुकवर टाकलेली पोस्टही बहुतेक संपादक ‘पूर्वप्रसिद्ध’ धरतात, मग ती पन्नास जणांनीच वाचलेली का असेना. उलट बाजूने अडचण नसते. अंकात आलेला लेख, अंक विकला गेल्यावर आणि संपादकांना विचारून, फेसबुकच्या भिंतीवर टाकता येतो. म्हणून क्रम आधी छापील, मग पोस्ट असाच ठेवा. खंडाच्या काळात मनात मुरलेला सगळ्यात चांगला विषय उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात फेसबुकवर खर्च झाला, तर तो अंकासाठी गेलाच म्हणून समजा.

तरीही फेसबुकचा एक उपयोग नक्की आहे. हात अगदीच आखडला असेल, दोन परिच्छेदांपुढे वाक्य सरकत नसेल, तर आठवड्याचा एक वार ठरवून २५०-३०० शब्दांची पोस्ट सहा आठवडे टाका. लेखन पुरं करून हातावेगळं करायची सवय खंडात सर्वांत आधी सुटते आणि ती अशी परत येते. त्याहून जास्त अपेक्षा तिथून ठेवू नका. ओळखीच्यांचे लाइक मजकूर कुठे ढिला पडला ते सांगत नाहीत. पोस्ट व्हॉट्सॲपवर गेली की दुसऱ्या-तिसऱ्या फॉरवर्डला नाव गळतं, त्यामुळे नाव शेवटी न देता शीर्षकाखालीच द्या. निदान काढणाऱ्याला ते मुद्दाम काढावं लागेल. लांब लेखनासाठी फेसबुकवर ‘नोट्स’ची सोय होती, तीही २०२० मध्ये बंद झाली. प्रत्येक पोस्टची प्रत स्वतःकडे वेगळी ठेवा. ब्लॉगवर जुनं लेखन सापडणं सोपं, पण तिथे वाचक आपणच आणावा लागतो.

पुरवणीचं गणित वेगळं आहे. लेख साधारण ७०० ते ९०० शब्दांचा आणि त्याला आजचं काहीतरी निमित्त हवं. समजा, विषय एसटीची मुक्कामी गाडी आहे. १ जून हा एसटीचा वर्धापनदिन (१९४८ साली पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती या दिवशी), तर लेख मेच्या मध्यापर्यंत संपादकांच्या हाती पडायला हवा. पुरवणीची पानं आधीच लागतात. मेलच्या विषयात एवढंच लिहा : ‘लेख : मुक्कामी गाडी, ८२० शब्द, अप्रकाशित, १ जूननिमित्त’. आत तीन ओळींत लेख कशाबद्दल आहे आणि त्या विषयाशी तुमचा संबंध काय, ते सांगा. आधीची पुस्तकं-पुरस्कार एका ओळीत पुरतात. लेख वर्ड फाईलमध्ये युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही संगणकावर तसाच दिसेल अशा टंकनात) जोडा. पीडीएफ पाठवू नका, त्यातून देवनागरी मजकूर उचलताना जोडाक्षरं तुटतात आणि उपसंपादकाचं काम वाढतं.

खंडानंतरचा पहिला लेख हमखास दोन कारणांनी परत येतो. पहिलं, ‘बऱ्याच वर्षांनी लिहायला बसलो आहे’ ही प्रस्तावना. वाचकाला तुमचा खंड माहीत नसतो, त्यामुळे पहिला परिच्छेद वाया जातो. तो खोडला की लेख बहुतेक वेळा दुसऱ्या परिच्छेदापासून छान सुरू होतो. दुसरं कारण, साठलेलं सगळं एकदम बाहेर येतं. मुक्कामी गाडीच्या लेखात चालकाची रात्रीची झोपायची सोय येते, खासगी बसची स्पर्धा येते आणि बालपणीचं गावही येतं. हे तीन लेख आहेत. एक ठेवा, उरलेल्या दोहोंची टिपणं वेगळ्या फाईलमध्ये काढा; पुढच्या दोन महिन्यांचं काम तिथेच तयार झालं.

पुरवणीत जागा कमी पडली की कात्री बहुधा शेवटावर चालते. नेमका मुद्दा शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवलात तर तोच उडतो. शीर्षकही बदलू शकतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. महिनाभर उत्तर नाही तर एकदा आठवण करून द्या आणि तरीही शांतता असेल तर लेख मागे घेतल्याचं कळवून मगच दुसरीकडे पाठवा. तोच लेख एकाच रविवारी दोन दैनिकांत आला तर दोन्ही दारं बंद होतात. एवढीही तयारी नसेल तर वाचकांच्या पत्रांचं सदर (‘लोकसत्ता’चं ‘लोकमानस’ आहे तसं) ही उत्तम तालीम आहे. एक मुद्दा, दीड-दोनशे शब्द, बातमी आली त्याच दिवशी. आणि कोणी लगेच साप्ताहिक सदर देऊ केलं तर आधी सहा लेख लिहून हातात ठेवा, मग होकार द्या. वर्षाचे ५२ आठवडे असतात आणि साठलेले विषय पाचव्या-सहाव्या आठवड्यालाच आटतात.

दिवाळी अंकाकडे आमचा कल जास्त आहे, हे लपवत नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून लांब पल्ल्याच्या लेखनाला मराठीत एवढी ऐसपैस जागा दुसरीकडे क्वचितच मिळाली. कथेला किंवा लेखाला २,००० ते ३,५०० शब्द मिळतात, निमित्ताची सक्ती नाही आणि वाचक अंक निवांत घेऊन बसतो. अडचण वेळेची आहे. आवाहनं मे-जूनपासून येतात, मजकूर जुलै-ऑगस्टपर्यंत मागतात, कारण सप्टेंबरात अक्षरजुळणी, चित्रं आणि मुद्रितं (छपाईआधी तपासायच्या प्रती) चालू असतात. अधिक मासाच्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात सरकते, तेव्हा थोडी सवड मिळते, पण त्यावर विसंबू नका. ऑगस्टअखेर पाठवलेला नवा लेख बहुतेक ठिकाणी न वाचताच राहतो. मानधन छोट्या अंकांत अनेकदा नसतंच. स्वीकाराचं पत्र आलं की सरळ विचारून घ्या, त्यात संकोच कसला? दिवाळी हुकली तर ‘साधना’सारखी वर्षभर निघणारी नियतकालिकं आहेतच. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेलं हे साप्ताहिक वैचारिक लेखनासाठी बरं. ललित लेखन असेल तर आधी चार अंक चाळून तिथलं वळण बघा.

जुनी, अर्धी राहिलेली कथा अंकाला द्यायची असेल तर आणखी एक काम आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोडआधीच्या जुन्या फाँटांमध्ये टंकलेली फाईल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिडा दिसतो. मजकूर शाबूत असतो, तो परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येतो. पण या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर, म्हणजे डोळ्याला दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो; युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो. त्यामुळे परिवर्तनात ‘स्थिती’, ‘मूर्ती’, ‘दऱ्या’, ‘ॲ’ अशा ठिकाणी हमखास गडबड होते. नुसती नजर फिरवून भागत नाही, मोठ्याने वाचा. अनेक अक्षरजुळणीकार छपाईसाठी मजकूर पुन्हा जुन्या फाँटात नेतात, म्हणून मुद्रित मागून घ्या आणि तीच ठिकाणं परत तपासा.

आता निवडीचं. फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात ठरवत असाल आणि हातात निम्मा तरी मजकूर असेल, तर दिवाळी अंक धरा. दिवाळीला तीन महिनेच उरले असतील तर पुरवणी. दोन्हींचा धीर होत नसेल तरच सहा आठवडे फेसबुक, तेही राखीव विषय सोडून.

पुढे पुस्तक करायचा विचार असेल तर हक्कांचं आत्ताच बघा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार आणि सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणून आलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका आणि लेख पाठवताना मेलमध्ये एक ओळ घाला : ‘हा लेख फक्त या अंकातील एकवेळच्या प्रसिद्धीसाठी आहे, पुढील सर्व हक्क लेखकाकडे.’