उबवणीची अंडी पाठवताना: फोम की बबल रॅप?

कडकनाथची फलित अंडी कुरिअरने मागवणारे आधी फुटण्याची काळजी करतात. खरा घात हादऱ्यांनी होतो. रुंद टोकाकडची हवेची पोकळी सुटून हलू लागते, कवच मात्र धड दिसतं.

अंड्याच्या मापाचे खळगे असलेला फोम इथे उजवा. अंडं निमुळतं टोक खाली करून घट्ट उभं राहतं, धक्का फोम गिळतो. पण तो महाग, आणि टर्कीच्या अंड्याला कोंबडीचा खळगा चालत नाही.

बबल रॅप स्वस्त, कुठल्याही मापाला चालतो. प्रत्येक अंडं वेगळं गुंडाळा, दोन्ही टोकं मोकळी ठेवा. कवचातून श्वास चालू असतो. मोकळ्या जागेत कागदाचे बोळे कोंबा. भाताचं तूस नको, प्रवासात ते खाली बसतं. खोकं हलवून पाहा: आतून आवाज आला तर पुन्हा भरा.

दहा-बारा अंडी असतील तर मी बबल रॅपच घेईन. महागड्या जातीला फोम. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र दोन्ही व्यर्थ, तेव्हा पाठवूच नयेत. पोचलेली अंडी यंत्रात घालण्याआधी 24 तास निमुळतं टोक खाली ठेवून विसावू द्या.