तळ बंद होऊ द्यावा की तुकड्या एकत्र करायला सांगावं?

अमेरिकेत हवाई तळाच्या आसपास घर घेतलेल्या, तिथे दुकान किंवा दवाखाना थाटलेल्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी गाठतोच. तळाचं नाव बंद करायच्या तळांच्या सरकारी यादीत आलं तर आपण कशाच्या बाजूने उभं राहायचं? एक पक्ष म्हणतो, होऊ दे बंद, जमीन आणि धावपट्टी गावाला मिळेल. दुसरा म्हणतो, तळ राहू द्या. इथल्या राखीव तुकडीत नियमित हवाई दलाची माणसं आणून बसवा आणि तीच विमानं दोघांनी मिळून उडवा. सभेत दोन्हीकडचे लोक असं बोलतात, जणू एक पदरात पडलं की दुसरं टळलं. जुन्या याद्या चाळल्या की वेगळंच दिसतं. एकत्रीकरण हा बंदीवरचा उतारा क्वचितच ठरला आहे. बऱ्याचदा कुणाच्या तरी तळाला टाळं लागलं म्हणूनच ते झालं.

आधी बंदीचं बघू. 1977 च्या कायद्याने तळ बंद करण्यावर इतके सोपस्कार लादले, की पुढची दहा वर्षं एकही मोठा तळ हलला नाही. प्रत्येक खासदार आपापल्या तळाला मिठी मारून बसलेला. 1988 मध्ये त्यातून वाट निघाली ती ‘ब्रॅक’ची (बेस रिअलाइनमेंट अँड क्लोजर, म्हणजे तळांची फेरमांडणी आणि बंदी): स्वतंत्र आयोगाने यादी करायची आणि ती अख्खी घ्यायची किंवा अख्खी टाकायची. त्यातलं एक नाव गुपचूप काढता येत नाही. 1988, 1991, 1993, 1995 आणि 2005 अशा पाच फेऱ्या झाल्या. त्यानंतर संरक्षण खात्याने कितीदा मागितली तरी अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, सहावी फेरी दिलेली नाही.

बंद झालेल्या तळाचं पुढे काय होतं, हे बव्हंशी नकाशावर ठरतं. टेक्सासमधला बर्गस्ट्रॉम 1993 मध्ये बंद झाला. ऑस्टिन शहराला तेव्हा नवा विमानतळ हवाच होता. लष्कराने बांधलेली 12 हजार फुटांची धावपट्टी आयती मिळाली आणि 1999 पासून तिथे प्रवासी उतरू लागले. आज ऑस्टिनला जाणारा प्रत्येक आयटीवाला त्याच तळावर उतरतो, बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

आता मेन राज्यातलं लोरिंग घ्या. धावपट्टी तेवढीच लांब, बी-36 या अवजड बॉम्बफेकी विमानांसाठी बांधलेली. पण जागा कॅनडाच्या सीमेजवळ, बटाट्याच्या शेतांच्या मधोमध. 1994 मध्ये तळ बंद झाला आणि लाइमस्टोन गावाची वस्ती सुमारे 10 हजारांवरून अडीच हजारांच्याही खाली आली. संरक्षण खात्याचं एक हिशेब कार्यालय तिथे आणलं, छोटे उद्योग आले. पण त्या धावपट्टीवर सगळ्यात मोठी गर्दी जमली ती फिश नावाच्या रॉक बँडच्या जलशांना. गावाचा संसार जलशावर चालत नाही. जवळ मोठं शहर नसेल तर ‘जमीन मिळेल’ या आश्वासनाला फारसा अर्थ नाही, एवढं लोरिंगवरून कळतं.

एकत्रीकरणाकडे वळण्याआधी राखीव माणूस म्हणजे कोण, ते सांगतो. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे गणवेश, उरलेला वेळ आपली नोकरी. आपल्याकडच्या टेरिटोरियल आर्मीची आठवण व्हावी असा प्रकार, फक्त इथे तो लढाऊ विमान उडवतो. यातही दोन घरं आहेत. एअर फोर्स रिझर्व्ह पूर्णपणे केंद्राची. एअर नॅशनल गार्ड एरवी राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली आणि केंद्राने बोलावलं की केंद्राची. ‘असोसिएट’ पद्धतीत विमानं एकाची असतात आणि ती उडवायला, दुरुस्त करायला दोघांची माणसं असतात. कॅलिफोर्नियातल्या नॉर्टन तळावर 1968 मध्ये सी-141 या मालवाहू विमानांवर तिची सुरुवात झाली.

ही पद्धत नीट चालते तेव्हा कशी दिसते? युटामधला हिल तळ पाहा. तिथली एफ-35 लढाऊ विमानं 388 वी नियमित विंग (हवाई दलाची मोठी तुकडी) आणि 419 वी राखीव विंग मिळून चालवतात. शेपटीवर एकच ‘एचएल’, हिलची खूण, पण विमानाखाली वाकलेल्या दोन मेकॅनिकांच्या बाहीवर वेगवेगळी बोधचिन्हं. नियमितवाला पंचविशीतला, दोन-चार वर्षांत बदली होऊन जाणारा. राखीववाला त्याच गावात घर केलेला, कुठला नट कधी अडतो हे हाताला ठाऊक असलेला. पगारी पूर्णवेळ माणूस ठेवण्यापेक्षा हा अनुभव पुष्कळ स्वस्तात पडतो. म्हणूनच 2014 मध्ये हवाई दलाच्या रचनेवर नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने राखीव मनुष्यबळाचा वाटा 42 टक्क्यांपर्यंत न्यावा, अशी शिफारस केली.

पण एकत्र म्हणजे किती एकत्र, इथे घोडं अडतं. जॉर्जियातल्या रॉबिन्स तळावर 2002 मध्ये नियमित विंग आणि राज्याची गार्ड विंग यांची एकच ‘ब्लेंडेड’, म्हणजे मिश्र, विंग केली. कमांडर एक, विमानं एक, पण कायदे दोन. गार्डचा माणूस राज्याच्या सेवेत असताना त्याची शिस्त एका कायद्याखाली, शेजारच्या नियमित सैनिकाची दुसऱ्या. हुकूम कोण देणार, चूक झाली तर कारवाई कोण करणार, हे रोजच्या कामात पुन्हा पुन्हा आडवं येई. 2011 मध्ये दोन्ही तुकड्या वेगळ्या करून साध्या असोसिएट नात्यात बसवल्या. एका घरात दोन चुली परवडल्या, एकाच चुलीवर दोन कारभारी नकोत.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तो मुद्दा. 2005 च्या फेरीनंतर व्हर्जिनियाच्या गार्डची 192 वी विंग लँगली तळावरच्या एफ-22 वर असोसिएट म्हणून गेली. बातमी झळकली, गार्डला जगातलं सर्वोत्तम लढाऊ विमान मिळालं! खरंच मिळालं. पण रिचमंड विमानतळावरचं तिचं जुनं ठाणं आणि स्वतःची एफ-16 गेली. लँगलीवरची विमानं नियमित विंगच्या मालकीची. लँगलीच्या दृष्टीने हे एकत्रीकरण, रिचमंडच्या दृष्टीने बंदी.

पोपची गोष्ट त्याहून बोलकी आहे. त्याच फेरीत मिलवॉकीहून 440 वी राखीव विंग उचलून नॉर्थ कॅरोलायनातल्या पोप तळावर नेली. सी-130 मालवाहू विमानं तिची, सोबतीला नियमित हवाई दलाचं स्क्वाड्रन (विंगहून छोटी तुकडी), म्हणजे गावाला हवा तसा संसार. शेजारीच 82 व्या एअरबोर्नचे छत्रीधारी सैनिक, त्यामुळे कामाला तोटा नाही. 2011 मध्ये तळ भूदलाकडे गेला आणि 2016 मध्ये विंगच मोडीत काढली. मिलवॉकीतून हलवलेली विंग दहा वर्षंसुद्धा टिकली नाही. यादीशिवाय, आयोगाशिवाय तळ असा आतून रिकामा करता येतो.

पैशांचं थोडक्यात: 2005 च्या फेरीचा एकरकमी खर्च 21 अब्ज डॉलरवर भागेल, असं सांगितलं होतं, तो 35 अब्जांवर गेला. वीस वर्षांची निव्वळ बचत 36 अब्जांच्या आसपास धरली होती. सरकारी लेखापरीक्षकांच्या 2012 च्या हिशेबात ती 10 अब्जांच्या आत आली. हलवाहलवीला लागणारा पैसा आधी कुणीच नीट धरत नाही.

मग तुम्ही काय मागावं? मोठं शहर तासाभरावर असेल तर मी बंदीला घाबरणार नाही, उलट धावपट्टीसाठी लवकर अर्ज करीन. तळ आडबाजूला असेल तर एकत्रीकरणावर समाधान मानू नका, नवं काम मागा. न्यू मेक्सिकोचा कॅनन 2005 च्या बंदीच्या यादीत होता. आयोगाने त्याला 2009 अखेरपर्यंत नवं काम शोधायची मुदत दिली आणि तिथे स्पेशल ऑपरेशन्सची विंग आली. आणि असोसिएट तुकडीच देऊ केली, तर एकच विचारा: विमानं कुणाच्या नावावर?

दोन्ही एकत्र साधल्याचं एक उदाहरण आहे, न्यू हॅम्पशायरमधलं पीझ. 1991 मध्ये तळ बंद झाला. बॉस्टनपासून तासाभराच्या त्या जागेवर व्यापार संकुल उभं राहिलं आणि गार्डची, हवेतच दुसऱ्या विमानांत इंधन भरणारी विंग मात्र तिथेच राहिली. तिला नियमित स्क्वाड्रन जोडलं आणि 2019 मध्ये देशभरच्या गार्डमध्ये पहिली केसी-46 ही नवी इंधनवाहू विमानं तिलाच मिळाली. फक्त 2014 मध्ये तिथली हेवन विहीर बंद करावी लागली. आग विझवायच्या फेसातली रसायनं पाण्यात उतरली होती आणि ते पाणी संकुलातल्या पाळणाघरातली मुलंसुद्धा पीत होती. तुमच्या तळाची जमीन गावाच्या नावावर व्हायच्या आधी विहिरींचे अहवाल मागून घ्या.